हवानाला गेलेलं पदक

माझ्या पणजोबाचं नाव तुग्बे. इंग्रजांच्या आरमारात मात्र त्याला जॅक आफ्टरनून म्हणत, कारण तो दुपारी भरती झाला. त्याच दिवशी सकाळी भरती झालेला त्याचा चुलतभाऊ आयुष्यभर टॉम ब्रेकफास्ट राहिला. जहाजावरच्या कारकुनाला आमची नावं उच्चारता येत नसत, आणि आमच्या लोकांना त्याचं फारसं दुःख नसे. आज पश्चिम आफ्रिकेत, फ्रीटाऊनच्या क्रू टाऊन वस्तीत आफ्टरनून आडनावाची बरीच घरं आहेत, त्यातलं एक माझं.

आम्ही क्रू. जहाजाचा क्रू नव्हे, आमची जमातच ती. पण आमच्या पोरांना चालायच्या आधी वल्हवता येतं, तेव्हा गोऱ्यांनी दोन्हींचा अर्थ एकच धरला तर त्यात त्यांचा फार दोष नाही. जुन्या काळी प्रत्येक क्रू माणसाच्या कपाळावरून नाकाच्या शेंड्यापर्यंत निळी रेघ गोंदवलेली असे. ती दिसली की गुलामांचे व्यापारी त्या माणसाला हात लावत नसत.

हात का लावत नसत, तेही सांगते. तुग्बे सेट्रा क्रू गावचा. लग्नाचं वय झालं तसा तो कमवायला बाहेर पडला आणि गॅलिनास नदीच्या मुखाशी एका स्पॅनिश व्यापाऱ्याकडे लागला. तिथं पाण्याखालच्या वाळूच्या उंचवट्यावर समुद्र असा फुटतो की जहाजं जवळ येऊच शकत नाहीत, दूर नांगर टाकून थांबतात. किनाऱ्यावरून जहाजापर्यंत माल पोचवायचं काम क्रू होड्यांचं. माल म्हणजे माणसं. कोंडवाड्यातून ती आणायची, होडीत बसवायची, लाटा ओलांडून जहाजावर चढवायची आणि रिकाम्या होडीनं परत यायचं. हे आमच्याशिवाय कुणाला जमत नसे, म्हणून आम्हाला कुणी पकडत नसे. निळ्या रेघेचा अर्थ तो होता.

तुग्बेनं हे काम दोन हंगाम केलं. मग तो फ्रीटाऊनला गेला आणि बंदी मोडून गुलाम नेणारी जहाजं पकडणाऱ्या इंग्रज आरमारात शिरला. मन पालटलं वगैरे काही नाही. आरमारात रोज भात मिळतो, एवढं टॉमनं त्याला पटवून दिलं होतं.

त्यांच्या जहाजाच्या नाकावर लाकडात कोरलेली एक बाई होती, ओठ घट्ट मिटलेली. जहाजाचं खरं नाव काही का असेना, आमचे खलाशी त्याला ‘खडूस’ म्हणत. काही वर्षं खडूसनं किनाऱ्यावर गस्त घातली, तुग्बे तिच्यावर शिडं चढवत राहिला, डेक घासत राहिला, आणि मग एका सकाळी ती गॅलिनाससमोर येऊन पोचली.

धुकं विरलं तेव्हा एक दोन डोलकाठ्यांचं जहाज माणसं भरून नांगर उचलताना दिसलं. पुढे खडूस, मागे किनारा. पळायला जागा नाही हे ओळखून त्याच्या कप्तानानं ते वळवलं आणि सरळ वाळूच्या उंचवट्यावर घातलं. गोरे खलाशी होड्या सोडून किनाऱ्याकडे पळाले. जहाज एका अंगावर कललं. खाली कोंडलेली माणसं आतून फळ्या बडवू लागली. लाटांच्या गर्जनेतही तो आवाज ऐकू येत होता, असं टॉम ब्रेकफास्ट म्हातारपणी सांगे.

खडूसच्या कप्तानानं एक होडी पाठवली. ती पहिल्याच मोठ्या लाटेत पालथी झाली आणि आतल्या खलाशांना कसंबसं ओढून काढावं लागलं. दुसरी पाठवावी की नाही, या विचारात कप्तान उभा होता. तेवढ्यात तुग्बेनं बारीक दोर कमरेला बांधला, टोक टॉमच्या हातात दिलं आणि उडी मारली. हुकूम कुणी दिलाच नव्हता. शिवाय तो फुटलेल्या जहाजाकडे न जाता भलतीकडेच, दक्षिणेकडे पोहत निघाला. डेकवरचा एक अंमलदार म्हणाला की पळाला बघा काळा. टॉम दोर सोडत राहिला.

दक्षिणेला लाटांच्या भिंतीत एक अरुंद गल्ली होती. दर पावसाळ्यात ती जराशी सरके, आणि बाहेरून बघणाऱ्याला ती दिसत नसे. तुग्बे तिच्या तोंडाशी थांबला. मोठ्या लाटा एकामागून एक जाऊ दिल्या, आणि मधल्या शांततेत आत घुसला. मग वाळूच्या आतल्या बाजूनं, उथळ पाण्यातून, तो त्या जहाजाच्या पाठीमागे जाऊन वर चढला. बारीक दोराला खडूसवरून जाड दोर बांधून दिला होता, तो त्यानं ओढून डोलकाठीला आवळला. नंतर कुऱ्हाड शोधून तळघराचं झाकण फोडलं.

त्या दोराला धरून खडूसच्या होड्या गल्लीतून आत गेल्या, पुन्हा पुन्हा गेल्या. दुपारपर्यंत जहाज मोडून पडलं. सगळे वाचले नाहीत. पण वर आले ते शंभराहून जास्त होते.

संध्याकाळी कप्तानानं तुग्बेला बोलावून विचारलं, की आमच्या नकाशात नसलेली वाट तुला कशी ठाऊक. तुग्बे म्हणाला, “पाणी सगळीकडे सारखंच बोलतं, साहेब.” कप्तानाला ते वाक्य इतकं आवडलं की त्यानं ते वरिष्ठांना लिहून कळवलं.

ते वाक्य खोटं होतं, हे टॉम सोडून जहाजावर एकाच व्यक्तीला कळलं, आणि तिला इंग्रजी येत नव्हतं. ती येमा, माझी आईकडची पणजी. तेव्हा ती सोळा-सतरा वर्षांची असेल. मेंडे मुलखातली. फ्रीटाऊनच्या वाटेवर सुटलेली माणसं डेकवर बसलेली होती आणि तुग्बे भाताची भांडी वाटत होता. येमानं भांडं घेतलं नाही. ती त्याच्या डाव्या कानाकडे बघत राहिली. लहानपणी माशाच्या गळानं त्याची पाळी फाटली होती, तिला खाच पडली होती.

“तूच तो,” ती मेंडेत म्हणाली. “निळ्या रेघेचे सगळे सारखेच दिसतात. पण कान तुझाच.”

तुग्बेला मेंडे चांगलं समजे. त्यानं भांडं तिच्यासमोर खाली ठेवलं आणि पुढे गेला. ती मोठ्यानं काही बोलली नाही. तिचा थोरला भाऊ वांडी आणि ती एकाच कोंडवाड्यात होती. वांडीला होडीत घालून नेलं तेव्हा ती किनाऱ्यावर उभी होती. तिला लहान म्हणून मागे ठेवलं आणि व्यापाऱ्याच्या स्वयंपाकघरात भात कांडायला लावलं, थेट ती मोठी होऊन विकण्याजोगी होईपर्यंत.

पुढच्या वर्षी फ्रीटाऊनच्या बंदरात खडूसच्या डेकवर सगळे खलाशी रांगेत उभे केले. राणीकडून आलेलं चांदीचं पदक कप्तानानं तुग्बेच्या छातीवर लावलं. एका बाजूला तरुण राणीचा चेहरा होता, दुसऱ्या बाजूला अक्षरं. क्रू टाऊनमध्ये त्या पदकाला ‘राणीचं तोंड’ म्हणत. तुग्बेला ते मनापासून आवडलं होतं, उगाच खोटं कशाला सांगू. तो ते लावून बाजारात हिंडे. मासे विकणाऱ्या बाया ओरडत, “जॅक, तुझी गोरी बायको आज रुसलेली दिसते रे!” आणि तो खूश होई.

असाच हिंडताना तो एकदा मिरचीच्या ढिगासमोर थांबला, आणि ढिगामागे येमा बसली होती. सुटलेल्या माणसांना सरकारनं डोंगरातल्या गावांत वसवलं होतं. ती रीजंटला राहत होती आणि भाजी घेऊन खाली येत होती. तिनं पदक नीट न्याहाळलं आणि ते कशाबद्दल मिळालं ते विचारलं. तुग्बे म्हणाला, की तुला ठाऊकच आहे.

“मला ठाऊक आहे. राणीला ठाऊक आहे का?”

मग तिनं तिला खरोखर जे हवं होतं ते विचारलं. वांडीला कुठल्या जहाजावर चढवलं? त्याचा रंग कुठला? त्यावर कप्तान कोण होता? तुग्बेला आठवत होतं. जहाजाला हिरवा पट्टा होता आणि कप्तान एका डोळ्याचा होता. ते जहाज कुठं गेलं ते मात्र त्याला माहीत नव्हतं.

“मग विचार,” येमा म्हणाली.

“कुणाला? समुद्र केवढा आहे, कल्पना आहे का तुला?”

“तू त्यातला बहाद्दर ना? छातीवर लावून फिरतोस.”

तिथपासून त्याचं विचारणं सुरू झालं. आरमारात तो पुढे क्रू खलाशांचा मुकादम झाला, लग्न केलं, मुलं झाली. पण जिथं जहाज लागे तिथं तो विचारे, हिरव्या पट्ट्याचं जहाज आणि एका डोळ्याचा कप्तान. लागोसमध्ये विचारलं, फर्नांडो पोमध्ये विचारलं, केपटाऊनच्या दारूच्या दुकानात विचारलं आणि तिथं चेष्टा केली म्हणून मारामारीही केली. टॉम म्हणे, याला खूळ लागलंय. सुरुवातीला तो येमाला घाबरून विचारत असावा. नंतर त्यालाच राहवेना. होडीतून उतरवलेली इतकी माणसं गेली तरी कुठं, हे आपण कधी विचारलंच नाही, असं तो एकदा टॉमला म्हणाला. दर वेळी परत आला की तो रीजंटचा डोंगर चढे आणि येमाच्या दारात उभं राहून सांगे की काही कळलं नाही. ती त्याला पाणी देई. बस म्हणत नसे.

उत्तर सापडलं ते घरच्याच बंदरात. आरमारानं पकडलेली गुलामांची जहाजं फ्रीटाऊनला आणत, आणि त्यांच्यावरचे खलाशी सुटून बंदरात रिकामे भटकत. त्यातलाच एक दोमिंगो, क्युबातल्या हवानाचा काळा आचारी. खटपट करून परतीचं जहाज शोधत होता. क्रू टाऊनमध्ये तो पाम तेलातला मासा खायला येई आणि आमच्या स्वयंपाकाला नावं ठेवी. तुग्बेनं सवयीनं त्यालाही विचारलं. दोमिंगो खाता खाता म्हणाला, की एक डोळा ना, तो तर माझा पहिला मालक. माणसं हवानाजवळ, मातान्साससमोर उतरवायचा, एकाच साखरेच्या मळ्यासाठी. मळा अजून आहे.

तुग्बे त्याला तसाच उठवून रीजंटला घेऊन गेला. येमानं दोमिंगोला बरंच खोदून विचारलं. मग प्रश्न आला, निरोप पाठवायचा तर खूण काय पाठवायची? तुग्बेनं छातीवरचं पदक काढलं. राणीचं तोंड दाखवलं की तिकडचा कुणी इंग्रज तरी ऐकून घेईल, असा त्याचा हिशोब होता.

“याच्याकडे?” येमा म्हणाली. “चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या?”

“मला काय कुणी धुतल्या तांदळासारखा सापडणार आहे? मळ्यापर्यंत जाऊ शकेल असा माझ्या ओळखीत हाच आहे.”

दोमिंगोनं अजिबात राग मानला नाही. तो म्हणाला, बाई बरोबर बोलते, मी हे विकीनही कदाचित. त्यावर येमा पहिल्यांदाच हसली, आणि म्हणाली की खरं बोललास म्हणून नेऊ देते. वांडी खराच वांडी आहे हे कळावं म्हणून तिनं त्याला एक प्रश्न पाठ करायला लावला: आईपासून आपण धान्याच्या कोठाराखाली काय लपवलं होतं?

दोमिंगो गेला. वर्षं गेली. तुग्बेला पदकाशिवाय बघून लोकांनी हवं ते बोलून घेतलं. कुणी म्हणे जुगारात हरला, कुणी म्हणे बाईला दिलं. आरमाराच्या एका अंमलदारानं राणीची भेट कुठं घालवलीस म्हणून त्याला सगळ्यांसमोर खडसावलं. तुग्बेनं खाली मान घालून ऐकून घेतलं. नोकरी संपली तेव्हा तो होड्या दुरुस्त करायला बसला. येमाचं लग्न झालं, मुली झाल्या, नवरा वारला. तुग्बे अजूनही डोंगर चढे, पण आता सांगण्यासारखं काही नसे. ती त्याला आता बस म्हणू लागली होती.

अशाच एका सकाळी येमा अंगणात कसाव्याचा कंद किसत असताना एक म्हातारा फाटकाशी येऊन उभा राहिला. डोक्यावर गवती टोपी, पायात बूट. नाव न सांगता त्यानं मोडक्यातोडक्या मेंडेत विचारलं, “कासव अजून आहे का गं, की आईला सापडलं?”

येमानं किसणी खाली ठेवली. मग उठून तिनं त्याची टोपी काढली आणि डोक्यावरचा लहानपणीचा व्रण हातानं चाचपून पाहिला.

दोमिंगोनं पदक विकलं नव्हतं. मळ्यावर पोचायला त्याला फार दिवस लागले, पण पोचला. वांडी तिथं साखरेची पिंपं बनवत होता. त्यानं पदक काही वर्षं बुटाच्या तळात लपवलं आणि संधी मिळाल्यावर, चोरट्या गुलाम-व्यापारावर नजर ठेवायला हवानात नेमलेल्या एका इंग्रज साहेबाला नेऊन दाखवलं. स्वतःच्या राणीचं तोंड एका गुलामाच्या हातात बघून साहेब चकित झाला. चोरलंस का, म्हणून आधी दरडावलं, मग गोष्ट ऐकून घेतली. गुलाम आणायला बंदी असताना वांडीला आणलं होतं, त्यामुळे कायद्यानं तो गुलाम ठरतच नव्हता. ते सिद्ध करता करता वांडीची दाढी पिकली. पदक पुरावा म्हणून कुठल्याशा कचेरीत जमा झालं ते झालंच. बायको तिकडेच वारली, मुलगा तिकडे सुतारकाम करत राहिला, आणि वांडी एकटा आला.

तुग्बेला निरोप गेला. तो त्या दिवशी आला नाही, दुसऱ्या दिवशीही आला नाही. शेवटी टॉमनं त्याला जवळजवळ ओढत वर आणलं. वांडीनं त्याच्याकडे बघितलं, कान बघितला, आणि मान हलवली.

“मी नाही ओळखत,” तो म्हणाला. “मी वर बघितलंच नव्हतं. माझ्या पायांकडे बघत होतो.”

तुग्बेला हे फार लागलं. इतकी वर्षं ज्या चेहऱ्यासमोर उभं राहायची त्यानं तयारी केली होती, त्या चेहऱ्याला तो माहीतच नव्हता. वांडी मात्र त्याच्याशी सरळ बोलत होता. त्याला आपल्या जन्मगावी जायचं होतं, गॅलिनासच्या वरच्या अंगाला. तो तुग्बेला म्हणाला, “तू मला बाहेर नेलंस असं ही सांगते. मग आत आणायलाही तूच चल.”

तेव्हा तुग्बे साठीच्या पुढचा होता. एका व्यापारी गलबतानं त्यांना गॅलिनाससमोर सोडलं. तुग्बेची दोन मुलं आणि टॉम वल्ह्यावर, सुकाणूला तुग्बे, मध्ये येमा आणि वांडी. ती अरुंद गल्ली पार सरकली होती. तुग्बे बराच वेळ नुसतं पाणी बघत राहिला. मग वांडी बोलू लागला.

“तुम्ही लोक तेव्हा गात होता,” तो म्हणाला. “ते गाणं मी तिकडे रोज आठवायचो. अर्थ कळत नव्हता. वाटायचं, मेलेल्यांसाठीचं असणार. नाहीतर आमच्यावर काही मंत्र टाकत असाल. काय होतं ते?”

तुग्बेनं टॉमकडे बघितलं. टॉमनं नजर चुकवली.

“त्यात काही नव्हतं,” तुग्बे म्हणाला. “एका बाईनं भातात मीठ जास्त घातलं आणि नवरा रुसून सासऱ्याकडे जेवायला गेला, एवढंच. वल्ही एकदम पडावीत म्हणून म्हणायचं.”

वांडी त्याच्याकडे बघत राहिला. मग तो हसायला लागला. होडीच्या काठाला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला, आणि मधूनच ते हसणं राहिलं नाही, नुसतं पाणीच राहिलं. येमानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. थोड्या वेळानं त्यानं डोळे पुसले आणि म्हणाला, “म्हणा की मग.”

टॉमला लाज वाटत होती, पण त्यानं सुरुवात केली. मोठ्या लाटा पुढे निघून गेल्या तशी तुग्बेनं आरोळी ठोकली, वल्ही एकदम पडली, आणि मिठाचं गाणं म्हणत होडी आत शिरली. वाळूला लागताच तुग्बेनं कमरेएवढ्या पाण्यात उडी मारली, वांडीला पाठीवर घेतलं आणि कोरड्या वाळूवर नेऊन उतरवलं. वांडी म्हणत होता की मला चालता येतं. तुग्बेनं ऐकलं नाही.

कोंडवाड्याच्या जागी कुणीतरी कसावा लावला होता. वांडीच्या गावात ओळखीचं एकच माणूस निघालं, मावशीचा मुलगा, आणि त्यालाही ऐकू येत नव्हतं. महिनाभर राहून वांडी रीजंटला परतला आणि पिंपं बनवू लागला. पुढे येमाच्या धाकट्या मुलीची मुलगी तुग्बेच्या नातवाला दिली, तेव्हा दोन्हीकडून खूप भांडणं झाली. ते माझे आईवडील.

तुग्बे वारला तेव्हा अख्खं क्रू टाऊन जमलं. आमच्यात गेलेल्या माणसाचे पराक्रम मोठ्यानं सांगायची रीत आहे. जमातीच्या पुढाऱ्यानं दोर सांगितला, कुऱ्हाड सांगितली, कप्तान आणि राणीही सांगितली. तो थांबला तशी मागे बसलेली येमा काठी टेकत उभी राहिली.

“गॅलिनासचे पहिले दोन हंगाम राहिले,” ती म्हणाली. “तेही सांगा.”

पुढारी म्हणाला, मॅमी, आज नको. येमा खाली बसली नाही. वांडी तिच्या शेजारी उभा राहिला. शेवटी टॉम ब्रेकफास्ट उठला. त्याला नीट उभंही राहवत नव्हतं. त्यानं तुग्बेचं नाव घेऊन सुरुवात केली, कोंडवाडा सांगितला, होडीत माणसांना कसं बसवत ते सांगितलं, आणि दुसऱ्या वल्ह्यावर मीच होतो हेही सांगितलं. तरुण पोरांनी हे कधी ऐकलंच नव्हतं. कुणी उठून गेलं नाही.

टॉमचं बोलून झालं तेव्हा येमा म्हणाली, “आता झालं.” मग बायांनी भात आणि पाम फळांचा रस्सा वाढायला घेतला, आणि ती सगळ्यांबरोबर जेवायला बसली.